चौथा भिडू

संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या भागातल्या कोणत्याही गल्लीतून चालत जा. भालकी असो, औराद असो, बसवकल्याण असो की आळंद, एखाद्या तरी ओसरीवरून असे बोलणे हमखास कानावर पडते : ‘इल्लि बा, इल्लि बा! अरे मागं बघ की! भाईजान, उसको उठाओ पहले! गोळ्या कुणाला हव्यात? तगो, टाकल्या बघ!’ एका दमात तीन भाषा. आजीला वाटते, नातू स्वतःशीच बडबडतोय. आईला वाटते, अभ्यास बुडाला. वडील बाहेरूनच ओरडतात, ‘ठेव तो मोबाईल!’ आणि नातू कानातले यंत्र न काढताच म्हणतो, ‘दोन मिनिटं!’

वाचकहो, त्या नातवाच्या कानात त्या वेळी आणखी तिघे जण असतात. आजचा लेख त्या तिघांविषयी आहे, विशेषतः त्यांतल्या चौथ्या भिडूविषयी.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे माहेर उदगीरकडचे, सासर बीदर जिल्ह्यातले. आमच्या घरात देवापुढे मराठीत हात जोडतात आणि दूधवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालतात. पालक भेटले की मोबाईलवरच्या खेळांविषयी एकच प्रश्न विचारतात, ‘बाई, किती वेळ खेळू द्यावे?’ प्रश्न रास्त आहे. पण ‘तो कुणाबरोबर खेळतो आणि त्यांच्याशी कसा बोलतो?’ हे आजवर मला एकाही पालकाने विचारलेले नाही. मैदानावर खेळणाऱ्या मुलाबद्दल मात्र आपण हेच पहिल्यांदा विचारत होतो. ‘कुणाच्या पोरांत खेळतोस रे?’ हा प्रश्न आपल्या आईवडिलांच्या ओठांवर कायम असे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्याकडे सर्वांत गाजलेला खेळ पब्जी. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत तो होता. पुढे २ जुलै २०२१ रोजी तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून घेतला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. खेळ असा : शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. चौघांचा एक गट. बेटावर विखुरलेली शस्त्रे, गोळ्या, औषधपेट्या शोधायच्या. खेळण्याची जागा हळूहळू आकसत जाते आणि जो गट शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. गटातले चौघे एकमेकांशी बोलू शकतात. चौघे ओळखीचे असले तर उत्तम. तिघेच जमले, तर चौथी जागा खेळ स्वतःच भरतो. तो चौथा विजापूरचा असेल, नांदेडचा असेल, नाहीतर थेट पाटण्याचा. त्याचे खरे नाव, वय, जात, धर्म काहीच आपल्याला ठाऊक नसते. ठाऊक असतो फक्त त्याचा आवाज.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ निराळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून अशा खेळांना मनाई केली. स्पर्धेचे आणि निव्वळ करमणुकीचे ऑनलाईन खेळ त्या मनाईच्या बाहेर ठेवले. मी बोलते आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. मुलगा रमीत पैसे घालवत असेल, तर तिथे शिष्टाचार शिकवून भागणार नाही, तो नादच सोडवला पाहिजे.

गोळ्या झाडण्याच्या खेळात कसला आलाय शिष्टाचार, असे कुणी म्हणेल. मलाही बंदुका आवडत नाहीत. पण मी विद्यार्थ्यांना विचारत गेले तेव्हा लक्षात आले, की या खेळातला निम्मा वेळ झाडण्यात जात नाही, तो वाटण्यात आणि सांभाळण्यात जातो. एखाद्याला औषधपेटी सापडली, तर ती स्वतःच्या पिशवीत कोंबायची की जखमी सोबत्यापुढे टाकायची? एखादा भिडू गोळी लागून पडला, तर तो लगेच बाद होत नाही, तो रांगत राहतो. सोबत्याने त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद थांबले, तर तो पुन्हा उभा राहतो. मात्र तेवढा वेळ थांबणाऱ्याला झाडता येत नाही, पळता येत नाही. म्हणजे दुसऱ्याला उठवायचे तर स्वतःचा जीव धोक्यात घालायचा. मुले याला ‘रिव्हाईव देणे’ म्हणतात. कोण देतो, कोण देत नाही, आणि दिल्यावर कोण उपकार मोजत बसतो, हे त्यांना आठवडाभर लक्षात राहते.

पंगतीची रीत आठवून पाहा. ताटात पहिली पोळी पडली म्हणून आपण घास उचलत नाही. शेवटच्या पानापर्यंत वाढप पोचायची वाट पाहतो. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी दासोहाची परंपरा ज्या भूमीत जपली, तिथल्या मुलांना ‘आधी सगळ्यांना, मग मला’ ही गोष्ट नव्याने शिकवावी लागू नये. तरीही खेळात शिरताच ती विसरली जाते, कारण पंगतीत माणसे दिसतात, इथे दिसत नाहीत.

संघाने खेळण्याचे आपले सर्वांत चांगले शिक्षण खो-खोने केले, असे मला वाटते. पाठलाग करणारे नऊ जण. आठ जण रांगेत, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे, असे बसलेले आणि एक धावणारा. धावणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, दिशाही बदलता येत नाही. समोरचा निसटला, की एकच उपाय : जो योग्य तोंडाने बसला आहे त्याच्या पाठीवर थाप द्यायची आणि ‘खो’ म्हणायचे. खो मिळायच्या आधी उठले तर चूक. खो दिल्यावर धावत राहिले तरी चूक. ‘आता माझ्याने होत नाही, तू जा’ असे न लाजता म्हणायला शिकवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. महिलांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे आणि तिच्याच संघात आपल्या कर्नाटकाची चैत्रा बी. पाठीवर थाप पडली, की ती कोणत्या राज्याच्या हाताची हे कुणी विचारीत नाही.

मोबाईलवरच्या खेळातही ‘खो’ आहे. नकाशावर बोट ठेवून खूण करता येते : इथे शत्रू आहे, इथे औषध आहे, मी इकडे चाललो. ठरावीक छोटे संदेश एका दाबात पाठवता येतात. खूण नेमकी हवी आणि वेळेवर हवी. पण काही मुले खूण न करता आधी पुढे पळतात, पडतात आणि मग ओरडतात, ‘तुम्ही कुठं मेला होता?’ खो न देता ‘उठला का नाहीस’ म्हणून भांडण्यासारखेच हे झाले.

आता आपल्या लहानपणीचा दुसरा धडा. लगोरीत, पकडापकडीत शेजारचे चार-पाच वर्षांचे पोर हट्ट धरी, ‘मला पण घ्या.’ त्याला घ्यायचे तर डाव बिघडे, न घ्यावे तर ते रडे. मग आपण तोडगा काढला होता, ‘कच्चा लिंबू’. तो पळायचा, हसायचा, त्याच्यावर राज्य मात्र येत नसे. दोन वर्षांनी तोच पक्का गडी होई. नवख्याला डावात सामावून घेण्याची इतकी गोड युक्ती आपल्या भाषेने काढली. या खेळांत नवख्यासाठी शब्द आला आहे ‘नूब’, आणि तो शिवीसारखा वापरला जातो. ‘कच्चा लिंबू’मध्ये माया होती, ‘नूब’मध्ये हेटाळणी आहे. मुलांना मी सांगते, नवा भिडू आला की त्याला कच्चा लिंबू समजा. त्याला आपल्या मागे ठेवा, एक बरी बंदूक द्या, कुठे थांबायचे ते सांगा. तुमचाही पहिला डाव कुणीतरी सोसलाच होता.

आणि आता भाषा. आपल्या घरांसाठी हा मुद्दा सर्वांत जवळचा. आपली मुले मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून दखनीत अशी उडी मारतात, की ती मारल्याचे त्यांनाही कळत नाही. ही मोठी श्रीमंती आहे. पण गटातला चौथा त्यांतली एकच भाषा जाणत असेल, तर हीच श्रीमंती त्याच्याभोवती भिंत बनते. तिघे मराठीत बोलून हसले, तर कन्नडवाल्याला वाटते आपल्यालाच हसले. तिघे कन्नडमध्ये ठरवून निघून गेले, तर नांदेडचा पोरगा मागे एकटा उरतो आणि पहिला पडतो. माझ्या एका विद्यार्थ्याने चांगली सवय लावून घेतली आहे. डाव सुरू होताच तो विचारतो, ‘मराठी, कन्नडा, हिंदी?’ तीनच शब्द. चौथ्याने जी भाषा सांगितली, तीच त्या डावाची भाषा. मुळात हे आपल्या बाजारपेठेतले जुने शहाणपण आहे. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारेल, त्याच भाषेत दुकानदार सांगतो. या बाबतीत सीमेवरच्या मुलांनी पुण्या-बेंगळुरूच्या मुलांना धडा द्यावा, अशी त्यांची तयारी आहे.

संबोधनाचीही गोष्ट आहे. समोरचा चौदा वर्षांचा की चाळिशीचा, कळत नाही. मराठीत आपल्याजवळ ‘तुम्ही’ आहे, ‘दादा’ आहे. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये ‘री’ हे एक अक्षर केवढे काम करते! ‘बा’ म्हणजे ये, ‘बर्री’ म्हणजे या. एका अक्षरात माणसाची उंची वाढते. अनोळखी भिडूला पहिल्या डावात ‘अण्णा, बर्री’ म्हटले, तर गोळीला गोळी लागण्याचा वेग काही कमी होत नाही. ओळख झाल्यावर ‘तू’ आपोआप येतोच.

हे सगळे गोड वाटेल, पण यात खरे दुखणेही आहे. बी. ए.ला असलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘मॅडम, मी माईक बंदच ठेवते.’ ती भावाबरोबर आणि कलबुर्गीच्या मामेभावाबरोबर खेळायची आणि तिघांत सर्वांत चांगली खेळायची. नकाशा वाचण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. पण चौथ्याने मुलीचा आवाज ऐकला, की कधी नंबर मागणे सुरू होई, कधी ‘चूल सांभाळ’ म्हणणे, कधी त्याहून घाण. म्हणून ती मुकी झाली. मुकेपणाने खेळणे म्हणजे खो देण्याचा हक्कच सोडणे. मला जास्त लागले ते दुसरेच. असे बोलणे सुरू झाले की सख्खा भाऊ गप्प बसे. त्याला वाटे, डाव कशाला बिघडवा. एके दिवशी मात्र मामेभाऊ त्या चौथ्याला म्हणाला, ‘ही आमची कॅप्टन आहे. ती सांगेल तिकडं जायचं. जमत असेल तर राहा, नाहीतर होग्री.’ तो गेला. त्या दिवशी तिघेच खेळले आणि हरले. पण तिचा माईक तेव्हापासून चालू आहे.

होग्री म्हणजे ‘जा’ नव्हे, ‘जावे आपण’. हाकलतानाही त्या पोराने ‘री’ सोडला नाही, याचे मला फार कौतुक वाटले. आणि सांघिकपणा म्हणजे नुसते एकत्र जिंकणे नव्हे, हेही त्याने दाखवले. आपल्यातल्या एकाचा अपमान होत असताना डाव वाचवायचा की माणूस, हे ठरवावे लागते. भावांनो, हे ठरवण्याचे काम बहिणीवर टाकू नका.

जगात इतरत्रही या प्रश्नाचा विचार झाला आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ नावाचा पाच-पाच जणांच्या संघांचा एक प्रसिद्ध खेळ आहे. त्यातली भांडणे इतकी वाढली, की ‘रायट’ या कंपनीला त्यासाठी वेगळी माणसे नेमावी लागली. त्यांना आढळले, की वाईट बोलणे फक्त मूठभर टवाळखोरांकडून येत नाही. त्याचा मोठा वाटा एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोके तापलेल्या खेळाडूंचा असतो. म्हणजे ‘आमचा बाळ्या तसा नाही’ असे कुणीच म्हणू नये. या कंपनीने नुसत्या तक्रारीच्या सोयीवर न थांबता २०१२ साली सोबत्याला शाबासकी देण्याचीही सोय केली. आपल्याकडच्या खेळातही डाव संपल्यावर भिडूला ‘लाईक’ देता येते. फुकट असते, तरी देताना मुलांचा हात आखडतो.

त्याच २०१२ साली ‘जर्नी’ नावाचा एक निराळा खेळ आला. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचे. वाटेत एखादा अनोळखी वाटसरू भेटतो, तोही कुठेतरी बसून खेळणारा खराच माणूस. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, फक्त एक मधुर स्वर काढता येतो. त्याचे नाव खेळ संपल्यावरच कळते. हा खेळ घडवणारे जेनोव्हा चेन यांनी सांगितलेली एक हकिगत मला मोलाची वाटते. सुरुवातीच्या आराखड्यात खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असे. मदतीसाठी ठेवलेली ती सोय लोकांनी एकमेकांना खड्ड्यात लोटण्यासाठी वापरली. मग ढकलण्याची सोय काढून टाकली आणि जवळ आले, की दोघांनाही बळ मिळेल अशी रचना केली. माणसे तीच, पण वागणे बदलले. शिस्त केवळ उपदेशाने येत नाही, खेळाच्या रचनेतूनही येते. घराची रचना मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून थोडे पालकांच्या शिष्टाचाराविषयी. चौघांच्या खेळाचा एक डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो. डावाच्या मध्यावर आपण मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावला, तर शिक्षा एकट्या त्याला होत नाही. उरलेले तिघे एक गडी कमी घेऊन झुंजत राहतात. असे वरचेवर सोडून जाणाऱ्या खेळाडूचे वर्तणुकीचे गुणही खेळात कमी होतात. आपणही तव्यावरची भाकरी अर्धी टाकून कुणी हाक मारली म्हणून उठत नाही. ‘एवढी भाजून येते’ म्हणतो. मुलाचे ‘दोन मिनिटं’ बहुधा तेच असते. मात्र भाकरी झाल्यावर चूल विझवायची असते, हे त्यालाही कळले पाहिजे. वेळेचा करार डावाच्या आधी व्हावा : ‘आज दोन डाव, आठ वाजता ताट.’ मधे हिसकावणे नाही आणि नंतर ‘आणखी एक’ नाही. खेळ २०२३ मध्ये परतला तेव्हा कंपनीनेच अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. माझ्या मते शाळकरी मुलांना तीही जास्तच आहे. शिवाय वडिलांच्या नावाने खाते उघडले, की ही मर्यादा पोकळ ठरते.

घरात चिकटवून ठेवाव्यात अशा काही साध्या रीती :

१. डाव सुरू होताच नमस्कार करावा आणि चौथ्याची भाषा विचारावी.

२. आधी खूण, मग धाव. सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. सापडलेले वाटून घ्यावे. ज्याला गरज, त्याला आधी.

४. पडलेल्याला उठवावे. उठवता आले नाही, तर ‘जमलं नाही रे’ म्हणावे. उठवणाऱ्याचे आभार मानावेत.

५. आपण लवकर बाद झालो, तर बाकीच्यांच्या कानात आरडाओरडा करू नये. दिसेल तेवढे शांतपणे सांगावे.

६. घरात टीव्ही, मिक्सर किंवा भांडण चालू असेल, तर माईक बंद ठेवावा.

७. कुणी शिवी दिली, तर उलट शिवी देऊ नये. आवाज बंद करावा, तक्रार नोंदवावी. आणि आपल्या भिडूचा अपमान झाला, तर गप्प बसू नये.

८. हरल्यावर दोष वाटण्याआधी एक चांगली गोष्ट सांगावी. नंतर हवी तेवढी चिरफाड करावी.

यांतली एकही रीत मोबाईलसाठी नवी शोधलेली नाही. बैलपोळ्याची मिरवणूक, लग्नातले वाढप, शेतातली रास, सगळीकडे आपण असेच वागतो. फरक एवढाच, की तिथे समोरच्याचे तोंड दिसते आणि उद्या पुन्हा गाठ पडणार असते. जिथे तोंड दिसत नाही आणि उद्याची गाठ नाही, तिथे माणूस कसा बोलतो, यावरून त्याच्या घराची परीक्षा होते. आपली मुले उद्या हैदराबादला, पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला जातील. तिथे फोनवर न पाहिलेल्या माणसांबरोबर काम करतील. त्यांच्या कामाचा चौथा भिडू कुठलाही असेल. त्याची तालीम आज ओसरीवर चालू आहे, आपले लक्ष नसताना.

कन्नडमधली एक म्हण आपल्या सगळ्या घरांत ठाऊक आहे : ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ ज्याला जेवता येते त्याला रोग नाही, ज्याला बोलता येते त्याला भांडण नाही. जेवण कसे करावे हे आपण मुलांना दोन वर्षांचे असल्यापासून शिकवतो. बोलणे शिकवण्यासाठी या रविवारी अर्धा तास काढा. मुलाशेजारी बसा, एक कानयंत्र आपल्या कानात घाला आणि एक डाव नुसता ऐका. डाव संपला की रागावू नका. एवढेच विचारा, ‘तो चौथा कोण होता रे? त्याला आज बरं वाटलं असेल का?’